बीजींचं कुंडं

ही गोष्ट मी शंभर वेळा तरी सांगितली असेल. भाषणांत, विद्यार्थ्यांसमोर, लग्नाच्या पंगतीत—एकदा तर रेल्वेच्या डब्यात समोर बसलेल्या अनोळखी बाईंनाही. पण पूर्ण? पूर्ण अशी मी ती एकदाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सरांना नाही, आईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का, ते विचारू नका, मलाही ते धड सांगता येणार नाही.

आधी नेहमी सांगते तेवढी सांगते. ती खरी आहे. तिच्यात एक अक्षर खोटं नाही आणि तिचा मला आजही अभिमान आहे—तो कशाला लपवू? एक मुलगी जगली. माझ्या शब्दावर जगली. असं किती जणांना म्हणता येतं?

तेव्हा मी चंदीगडला होते. नव्या शतकाची ती पहिली वर्षं. तिथल्या एका मोठ्या इस्पितळाच्या संशोधन विभागात मी काम करत होते—डॉक्टर म्हणून नव्हे, मी पेशंट तपासणारी डॉक्टर नाहीच, मी रक्त तपासणारी. माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागतं ते पीएच.डी.चं, आणि वॉर्डातल्या परिचारिकांना हे बरोबर ठाऊक असायचं. मी वॉर्डात शिरले की त्या मला बाजूला उभं राहायला सांगायच्या.

डेंग्यू म्हटलं की सगळ्यांना प्लेटलेट आठवतात. आजही आठवतात. शेजारीपाजारीसुद्धा आकडा विचारतात—किती झाल्या, किती उतरल्या? मला त्यात फारसा रस नव्हता. माझं म्हणणं साधं होतं. पाइप गळतोय ना, मग पाइपकडे बघा. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक नाजूक अस्तर असतं. डेंग्यू चिघळतो तेव्हा हे अस्तर सैल पडतं आणि रक्तातलं पाणी वाहिन्यांच्या बाहेर झिरपायला लागतं. आणि हे होतं कधी? ताप चढलेला असताना नाही. ताप उतरताना! घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, पेढे आणायला निघतात, आणि नेमकं तेव्हाच मूल थंड पडत जातं.

पण अस्तर दुखावलं की त्याचे काही अंश सुटून रक्तात येतात. त्यातलं एक प्रथिन मी धरून बसले होते. ते आधीच मोजलं—ताप अंगात असतानाच—तर कोणतं मूल पुढे गळायला लागणार ते सांगता येईल का? एवढाच माझा प्रश्न. चार वर्षं मी तो उराशी घेऊन फिरत होते. आमचे सर पंजाबी, मनाने मोठे, थट्टेखोर. ते माझ्या कामाला सगळ्यांसमोर 'वसुधा की पाइपलाइन' म्हणायचे. बाकीचे हसायचे, मीही हसायचे. मनात मात्र म्हणायचे, थांबा थोडे.

दिवस तसे अनुकूल होते. पूर्वी परदेशातून तपासणीचं किट मागवायचं तर परवाने, कागद, शिक्के, आणि ते हातात पडेपर्यंत त्याची मुदत संपलेली असायची. आता देशाची दारं उघडली होती. ईमेल करायची, आणि बर्फात गुंडाळलेलं खोकं दिल्लीहून टॅक्सीने येऊन दारात उतरायचं. पहिलं खोकं आलं तेव्हा मी त्याला हळदकुंकू लावलं होतं, आणि माझ्या हाताखालची मुलं महिनाभर त्यावरून मला चिडवत होती.

राहायला मी मनीमाजऱ्यात होते. सेक्टरांतली घरं तेव्हा आमच्यासारख्यांना परवडायची नाहीत. मनीमाजरा म्हणजे जुनं गाव—बाजार, अरुंद गल्ल्या, तारांचे गुंते—शहराने ते गिळलं खरं, पण पचवलं नव्हतं. एका गल्लीतल्या अरुंद घराच्या गच्चीवरची बरसाती माझी होती. बरसाती म्हणजे गच्चीवरची एक खोली, तिला टेकून मोरी आणि चूल. खालच्या मजल्यावर घरमालकीण, बीजी. त्यांचं खरं नाव मला कधी कळलंच नाही, सगळी गल्लीच त्यांना बीजी म्हणायची. नवरा गेलेला, मुलगा कॅनडात, अंगणात एक पेरूचं झाड आणि त्याच्याखाली मातीचं एक पसरट कुंडं. ते पक्ष्यांसाठी होतं. सकाळी गुरुद्वारातून परत आल्या की बीजी आधी ते कुंडं उपडं करायच्या, नारळाच्या काथ्याने घासायच्या आणि ताजं पाणी भरायच्या. त्याशिवाय स्वतः चहा घ्यायच्या नाहीत. पोपट यायचे, चिमण्या यायच्या, एक लंगडी मैना यायची. तिच्याशी बीजी भांडायच्यासुद्धा.

आणि मधल्या मजल्यावर पाटणे. नागपूरचे. केंद्र सरकारच्या कचेरीतून बदली होऊन आलेले, क्वार्टर मिळेपर्यंत इथे. पाटणे, त्यांची बायको माधुरी आणि मुलगी सई. सई आठ वर्षांची. मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. 'सई, जेवलीस का?' 'हाँ मावशी, खा लिया.' माधुरी कपाळावर हात मारून घ्यायची. मला मूलबाळ नव्हतं, नवरा पुण्यात नोकरीला. संध्याकाळी दमून घरी आलं की ही पोर जिन्यात बसलेली असायची. मांजरासारखी अंगावर यायची आणि माझ्या पिशवीत हात घालायची. तिच्यासाठी पिशवीत काहीतरी ठेवायची सवय मला कधी लागली ते कळलंच नाही.

आता कूलर. हा नेहमीच्या गोष्टीत नसतो.

मी वाईची. आमच्याकडे कूलर कुणी पाहिला होता? चंदीगडच्या पहिल्या उन्हाळ्यात जीव जायची वेळ आली तेव्हा मी एक घेतला—पत्र्याचा, खोक्यासारखा, गच्चीवर खिडकीला लावलेला. गच्चीवर नळाला जोर नसायचा, खालून बादल्या वाहून टाकी भरावी लागायची. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. मग नागपूरकर काय करतात? टाकी उपसून कोरडी करतात, गवताच्या जाळ्या काढून उन्हात टाकतात आणि वर गोणपाट बांधतात. पाटण्यांनी जुलैमध्येच त्यांचा कूलर असा झाकून टाकला होता. मलाही टोकलं होतं त्यांनी जिन्यात. 'काहून ताई, कूलर उपसला का नाही अजून?' मी म्हटलं, हो, केव्हाच.

उपसला नव्हता. इतक्या बादल्या वाहून आणलेलं पाणी ओतून द्यायचं जिवावर आलं होतं. वाटलं, सप्टेंबरात पुन्हा उकाडा येईल, तेव्हा कामाला येईल. मग विसरले. हे अगदी छोटं खोटं, नाही का? जिन्यात बोलून गेलेलं. अशी खोटी आपण रोज बोलतो.

पण ऐका पुढे. त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत माझं व्याख्यान ठेवलं होतं—'डेंग्यू आणि आपण'. आरतीनंतर, प्रसादाआधी, म्हणजे कुणाला उठून जाता येऊ नये अशा बेताने. मी जोरात बोलले. हा डास गटारात वाढत नाही, तो आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, असं सांगितलं. दर आठवड्याला कूलर उपसा, कोरडा पुसा, असं सांगितलं. मी तर म्हणाले—हे मला शब्दन् शब्द आठवतं—की ज्याच्या कूलरमध्ये पाणी आहे त्याने डेंग्यूला घरात जागा दिली आहे. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत पाटणे बसले होते. सई त्यांच्या मांडीवर झोपली होती.

गणपती गेले. आणि पितृपक्षात सईला ताप आला.

साधा नव्हता. डोळे लाल, अंग मोडून आलेलं, खोबणीतून डोळे दुखताहेत म्हणून ती रडायची. तिसऱ्या दिवशी मीच तिला इस्पितळात घेऊन गेले, ओळखीने लगेच दाखल करून घेतलं. पाटण्यांना विचारून तिचं थोडं रक्त माझ्या कामासाठीही काढून घेतलं. रक्ताला आमच्याकडे नाव नसतं, नंबर असतो. पण हा नंबर कुणाचा ते मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी घरी आले. जिना चढताना—रिकाम्या जिन्यात—मी मध्येच थांबले. मला सुचलं. तुम्हाला मघाशीच सुचलं असेल, मला तेव्हा सुचलं. मी चपला न काढता गच्चीवर गेले आणि कूलरची मागची जाळी ओढून काढली.

पाणी स्वच्छ होतं. तळ दिसत होता. आणि त्या स्वच्छ पाण्यात अळ्या होत्या—वळवळत वर येणाऱ्या, पुन्हा खाली जाणाऱ्या, कितीतरी. मी प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत त्या पाहिल्या होत्या. मला ओळख पटवायला भिंग लागलं नाही.

मी काय केलं? कुणाला हाक मारली? पाटण्यांकडे गेले? टाकी उपडी केली. पाणी गच्चीवर पसरलं, दिवसभर तापलेल्या फरशीवर बघता बघता वाळलं. जुन्या परकराने पत्रा आतून पुसला. जाळ्या सोडवून वेगळ्या ठेवल्या, गोणपाट बांधलं—नागपूरकरांसारखं, नीट. मग आंघोळ केली. आणि रात्री पाटण्यांचा जेवणाचा डबा घेऊन इस्पितळात गेले.

इथपर्यंत तुम्ही मला कदाचित माफ कराल. आळस झाला, घाबरले, लपवलं. मीही स्वतःला इथपर्यंत सांभाळून घेतलं होतं.

दोन दिवसांनी सकाळी महापालिकेचे लोक आले. इस्पितळाकडून कळवलं गेलं की ते त्या घरी येतातच. एक निरीक्षक आणि त्याच्याबरोबर फवारणीवाला. सभ्य माणूस होता तो निरीक्षक. मी कुठे काम करते ते कळल्यावर तो मला 'मॅडम जी' म्हणायला लागला आणि सगळं माझ्या सल्ल्याने करायला लागला. पाटण्यांचा कूलर पाहिला, कोरडा. गच्चीवर आला, माझा कूलर पाहिला. गोणपाट, कोरडा पत्रा, वेगळ्या ठेवलेल्या जाळ्या. त्याने फवारणीवाल्याला बोलावून दाखवलं, की बघ, शिकलेल्या माणसाचं घर असं असतं.

मी तिथेच उभी होते.

मग आम्ही खाली अंगणात आलो. कुंडं भरलेलं होतं. निरीक्षक वाकला, मीही वाकले. पाण्यात पेरूचं एक पान होतं आणि आमचे दोन चेहरे होते. बाकी काही नव्हतं. नव्हतंच—कसं असणार? सकाळीच घासून भरलेलं. पण त्याला कुठेतरी बोट ठेवायचं होतं. एका घरात पोर आजारी पडली आहे आणि घरात उघडं पाणी फक्त एवढंच. त्याने सरळ होऊन माझ्याकडे पाहिलं. 'मॅडम जी, यही होगा?'

बीजी ओढणीचं टोक हातात धरून दारात उभ्या होत्या. त्याही माझ्याकडे बघत होत्या. माझ्यावर त्यांचा फार विश्वास.

मी म्हणाले, 'हो सकता है.'

आमच्या धंद्यातले आवडते शब्द हे. आम्ही लेख लिहितो तेव्हा पानोपानी तेच असतात—असू शकतं, शक्यता आहे, नाकारता येत नाही. कुणी पकडू नये म्हणून. कुणाला ते खोटं म्हणता येत नाही. मी खोटं बोललेच नाही, बघा ना! मी फक्त शक्यता वर्तवली. दुसऱ्या कुणाला खोटं बोलायचं असतं तर त्याला सरळ बोलावं लागलं असतं. मला माझ्या शिक्षणाने निसटायला दार ठेवलं होतं.

त्याने पायाने कुंडं उलटं केलं. पेरूच्या बुंध्याला लागून ते फुटलं. बीजी वाकून खापऱ्या गोळा करायला लागल्या. मी घड्याळ पाहिलं आणि बस पकडायला निघाले.

आणि आता तो दिवस. तोच दिवस! सकाळी हे झालं आणि दुपारी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट झाली. दोन्ही एकाच दिवशी झालं हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही, कारण सकाळ सांगितलीच नाही.

प्रयोगशाळेत आदल्या दिवशी लावलेली तपासणी पुरी होत आली होती. आमची प्लेट म्हणजे छोट्या छोट्या खाचांचा प्लास्टिकचा ट्रे. प्रत्येक खाचेत एकेकाच्या रक्तातला भाग. शेवटचा थेंब टाकला की ज्याच्यात ते प्रथिन जास्त, त्याची खाच जास्त पिवळी. मी थेंब टाकत गेले. फिकट, फिकट, लिंबासारखी, फिकट. आणि सईची—हळदीसारखी गडद. मी यंत्रात घालून मोजायचीही वाट पाहिली नसती, पण घातली. आकडाही तेच सांगत होता.

वॉर्डात धावत गेले. तिथे काय चाललं होतं? आनंद! सईचा ताप उतरला होता. ती उठून बसली होती, वरणभात मागत होती. तरुण डॉक्टर तिला घरी सोडायच्या बेतात होता, प्लेटलेट घसरल्या होत्या पण फार नाही. माधुरी पिशवी भरत होती. पाटणे माझ्याकडे बघून हसले. सई म्हणाली, 'मावशी, हम घर जा रहे हैं.'

मी म्हटलं, नाही. आज नाही जायचं.

तरुण डॉक्टरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या टेबलावर चढले आहे. मी पेशंट बघणारी नाही हे त्याने मला फार गोड शब्दांत ऐकवलं. मी त्याच्या वरिष्ठांकडे गेले, बालरोग विभागाच्या प्रमुखांकडे. केस पांढरे, बोलणं थोडं. प्लेटचा आकडा त्यांच्या पुढे ठेवला. त्यांना माझ्या कामाची ऐकीव माहिती होती—पाइपलाइन, तीच. त्यांनी आकडा पाहिला, मला पाहिलं. 'मुलगी चांगली दिसते आहे,' ते हिंदीत म्हणाले. 'तू म्हणतेस ती बिघडणार. कितनी पक्की हो?'

इथे मी काय म्हणायला हवं होतं? आमच्या धंद्यात काय म्हणतात? शक्यता आहे. असू शकतं. एका तपासणीवरून असं ठामपणे कुणी बोलत नाही. मी म्हणाले, 'पक्का. ये बच्ची बिगड़ेगी.'

त्यांनी आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग उठले, स्वतः वॉर्डात आले, सईचं जाणं रद्द केलं, तिला परिचारिकांच्या टेबलासमोरच्या खाटेवर आणवलं आणि दर थोड्या वेळाने नाडी नि रक्तदाब पाहायला सांगितला. माधुरी रडायला लागली. पाटणे पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. बरी झालेली पोर मी अडकवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सईचे हातपाय गार पडायला लागले. पोट दुखतंय म्हणाली आणि एकदम निपचित. नाडी हाताला लागेना. घरी असती तर आईला वाटलं असतं, अशक्तपणा आहे, झोपू दे. पण ती त्या खाटेवर होती, डोळ्यांसमोर! परिचारिकेने पाहिलं, प्रमुख धावत आले, सुई आधीच लावलेली होती, सलाइन धडाधड सुरू झालं. सगळ्यांना काय करायचं ते माहीत होतं, कारण सगळे वाटच बघत होते. मी भिंतीला टेकून उभी होते. कुणी मला बाजूला व्हायला सांगितलं नाही.

दुपारपर्यंत तिच्या गालांवर रंग आला. संध्याकाळी तिने मला विचारलं, 'मावशी, आपको कैसे पता था?'

काय सांगू तुम्हाला, मला काय झालं! मी जिन्यात जाऊन रडले आणि रडता रडता हसले. प्रमुखांनी सगळ्या वॉर्डासमोर माझ्याशी हात मिळवला. सर तर लाडूंचा डबा घेऊन आले आणि म्हणाले की आजपासून जो कुणी पाइपलाइन म्हणेल त्याला माझ्या खोलीत प्रवेश नाही. त्या मोसमात आणखी मुलं आली, आणखी प्लेटा झाल्या. पुन्हा पुन्हा तेच निघालं—ज्यांच्या खाचा गडद, तीच मुलं गळायची. लेख छापून आला. पुढे दूरदूरच्या लोकांची पत्रं आली. मी वाईची मुलगी, ज्या शहरांची नावं नकाशात शोधली होती तिथे जाऊन उभी राहून बोलले. हे सगळं माझं आहे. मी ते कष्टाने मिळवलं आणि मी ते आजही परत द्यायची नाही. मी बरोबर होते!

आता शेवटचं. हेच सांगायचं होतं, त्याच्याच भोवती फिरत होते.

सई घरी आली त्या दिवशी पाटण्यांकडे सगळी गल्ली लोटली होती. मला मधोमध खुर्ची. माझ्या हातात पेढ्यांचं खोकं. पाटणे प्रत्येकाला सांगत होते, या ताईंमुळे, या ताईंमुळे. माधुरी माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला उठवलं. तेवढ्यात बीजी आल्या. जिना चढून धाप लागलेली, हातात पंजिरीचा, तुपात भाजलेल्या गोड पिठाचा डबा. त्या आत येऊन माझ्याकडे आल्या नाहीत. सरळ सईसमोर जाऊन जमिनीवर बसल्या—त्या एवढ्या मोठ्या बाई, आठ वर्षांच्या पोरीसमोर—आणि त्यांनी हात जोडले.

'पुत्तर, मैनूं की पता सी,' त्या म्हणाल्या. 'मैं ते चिड़ियां वास्ते रखदी सी.' मला काय ठाऊक, मी तर पाखरांसाठी ठेवत होते—पुन्हा पुन्हा तेच.

सईला काही कळेना, ती त्यांचे हात सोडवायला लागली. माधुरीने त्यांना उठवायचा प्रयत्न केला, पण अंमळ उशिरा, आणि तिच्या चेहऱ्यावर मी पाहिलं—ती मनातून बीजींना दोष देत होती. मग बीजी माझ्याकडे वळल्या. त्या मला धन्यवाद देत होत्या. मी त्यांच्या पापातून सईला वाचवलं म्हणून. माझे दोन्ही हात त्यांनी आपल्या डोळ्यांना लावले. डोळे ओले होते.

तेव्हा बोलता आलं असतं. त्या सकाळी अंगणात मी घाबरले होते, असं म्हणू. पण आता? पोर बरी होती, खिदळत होती. त्या दिवशी मी काहीही सांगितलं असतं तरी त्या घराने मला पोटाशी धरलं असतं. पाटणे एवढंच म्हणाले असते की तुम्हाला सांगितलं होतं ना जुलैत. मला भीती नव्हती. मला ती खुर्ची हवी होती. ते खोकं, ते 'या ताईंमुळे', ते सगळं—अख्खं हवं होतं, त्यात कूलर नको होता. म्हणून मी बीजींचे हात थोपटले आणि म्हणाले, 'कोई बात नहीं, बीजी.' मी त्यांना माफ केलं! मी. त्यांना.

आणि सांगू? तरीही मी त्या दिवशी सुखात होते. पेढे गोड लागले. झोप लागली. वाईट वाटायला मला पुष्कळ वर्षं लागली.

अंगणातल्या कुंड्याच्या जागी बीजींनी काहीच ठेवलं नाही. पक्षी काही दिवस येत राहिले. लंगडी मैना भिंतीवर बसून ओरडायची, आणि बीजी आत जाऊन दार लावून घ्यायच्या. पुढच्या वर्षी पाटण्यांना क्वार्टर मिळालं, नंतर मी पुण्याला आले. बीजी गेल्याचं मला कुणीतरी फोनवर कळवलं. त्या हे मनात घेऊनच गेल्या असणार.

मागच्या महिन्यात सईचा फोन आला. ती आता बंगळुरात असते, तिला एक मुलगी आहे. मुलीला बाल्कनीत चिमण्यांसाठी वाटीत पाणी ठेवायचं होतं, आणि सईने तिला ठेवू दिलं नाही. तिने तिला पूर्ण गोष्ट सांगितली—एक पंजाबी आजी होती, तिने पक्ष्यांसाठी पाणी ठेवलं, त्यात डास झाले, मी मरायला टेकले, आणि एक वसुधा मावशी होती, तिने मला वाचवलं. मुलीला गोष्ट फार आवडली म्हणे. रोज रात्री मागते. सई हसत सांगत होती, आता हिंदीत नाही, चांगल्या मराठीत. मीही हसले.

डास शाळेतूनही आला असेल, असं मी इथे म्हणू शकते. कुठूनही आला असेल, शक्यता नाकारता येत नाही. नाही म्हणत. मला जे पक्कं माहीत आहे तेवढं सांगते. त्या मुलीबद्दल मी बरोबर होते. बीजींच्या कुंड्यात काही नव्हतं, मी वाकून पाहिलं होतं. अळ्या माझ्या कूलरमध्ये होत्या.